छळ आणि भेदभाव रोखायचा तर आधी ओव्हरटाइमची यादी लावा: लहान आस्थापनांसाठी पायरीपायरीने

लैंगिक छळाची तक्रार आली की मध्यम आकाराच्या कारखान्यात साधारण एकच धावपळ होते. मालक वकिलाला फोन लावतात, एचआरमधली मुलगी कपाटातल्या फायली उपसते, आणि अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीचा जो आदेश सापडतो तो चार-पाच वर्षांपूर्वीचा निघतो. त्यातल्या अध्यक्ष मॅडम नोकरी सोडून गेलेल्या असतात, बाहेरच्या सदस्य म्हणून कुणाच्या तरी वहिनींचं नाव असतं. मग मागची तारीख टाकून नवा आदेश काढायची टूम निघते. तसं चुकूनही करू नका. पुढे अपील झालं की पहिली ओढली जाते ती हीच तारीख.

हा लेख दहा ते दोनशे माणसांच्या आस्थापनांसाठी आहे. एमआयडीसीतला कारखाना, पतसंस्था, खासगी रुग्णालय, शाळा, छोटी आयटी कंपनी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा २०१३ चा आहे, त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून तो लागू झाला. बहुतेकांना त्यातली समिती तेवढी माहीत असते. पण समिती हे छळ झाल्यानंतरचं काम. रोखायचं असेल तर सुरुवात दुसरीकडून करावी लागते.

पायरी १: मर्जी कुठे चालते ते शोधा

समजा पॅकिंग लाइनवर तीस बायका आहेत, बहुतेक ठेकेदारामार्फत आलेल्या. रविवारचा ओव्हरटाइम कुणाला द्यायचा हे कोण ठरवतं? सुपरवायझर. कसं ठरवतो? शनिवारी संध्याकाळी लाइनवरून फिरत, बोट दाखवून. सुट्टी कुणाकडे मागायची? त्याच्याकडे, फोनवर. मुलाच्या शाळेच्या फीसाठी दोन हजारांची उचल हवी असेल तर? त्यानेच शब्द टाकायचा. आणि ‘उद्यापासून येऊ नको’ हेही तोच सांगणार.

अशा ठिकाणी त्याने खांद्यावर हात ठेवला, तर बाई काय बोलणार? तिची रविवारची हजेरी त्याच्या बोटावर आहे. कायद्याच्या कलम ३ मध्येही नेमकी हीच गोष्ट आहे: नोकरीत फायदा करून देण्याचं आमिष, तोटा करण्याची धमकी, नोकरी जाण्याची भीती, कामात अडथळा आणणारं किंवा दहशतीचं वातावरण, तब्येतीवर परिणाम होईल अशी अपमानास्पद वागणूक. या पाचपैकी पहिल्या तिन्ही गोष्टी जमतात त्या हातात मर्जी असलेल्या माणसालाच.

म्हणून एक कागद घ्या आणि लिहा: शिफ्ट, ओव्हरटाइम, सुट्टी, उचल, बढती, कामावरून कमी करणं. प्रत्येकापुढे तीन गोष्टी. निर्णय कोण घेतं, तो कुठे लिहिला जातो, आणि त्यावर दाद कुणाकडे मागायची. ‘लिहिला जात नाही’ असं जिथे येईल तिथे पहिली दुरुस्ती करा. ओव्हरटाइमची यादी शुक्रवारी दुपारी फलकावर लागली पाहिजे, आणि ती आळीपाळीने असली पाहिजे. सुट्टीचा मेसेज सुपरवायझर आणि ऑफिस दोघांना जावा. ठेकेदाराच्या बाईलासुद्धा ऑफिसच्या लेखी कारणाशिवाय घरी बसवता येणार नाही, हे ठेकेदाराशी केलेल्या करारातच घाला. सुपरवायझर कुरकुरतील, ‘मग आमचा धाक काय राहिला’ म्हणतील. उत्पादनासाठी लागतो तेवढा धाक यादी लावूनही राहतो.

याच नोंदींतून भेदभावही दिसतो. तीन महिन्यांनी ती रजिस्टरं काढून बसा. गरोदर बाईचा ओव्हरटाइम तिला न विचारताच बंद झाला का? एकाच वस्तीतल्या, एकाच आडनावाच्या मुलांना सतत भट्टीजवळचं काम लागतंय का? तेच काम करणारा पुरुष ‘हेल्पर’ आणि बाई ‘पॅकर’ म्हणून नोंदवली गेली, आणि पगारात फरक पडला, असं झालंय का? सारख्या कामाला सारखं वेतन हा नियम १९७६ पासूनचा आहे. पदाचं नाव बदलून तो टळत नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि त्या रजेवर असताना बाईला काढून टाकता येत नाही. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही करावी लागते.

मुलाखतीत ‘लग्नाचं काय ठरलंय?’, ‘मूल लहान आहे, सांभाळायला कोण?’ आणि आपल्याकडचा तो खास प्रश्न, ‘तुम्ही कोणापैकी?’, हे तिन्ही बंद करा. मुलाखत घेणाऱ्यांना प्रश्नांची छापील यादी द्या आणि प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारायला सांगा. जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर ते प्रकरण अंतर्गत समितीचं नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा १९८९ चा कायदा त्याला लागू होतो आणि ते पोलिसांकडे जातं. ‘आपसात मिटवा’ म्हणणारा मॅनेजर कंपनीलाच अडचणीत आणतो. अपंग व्यक्तींसाठी समान संधीचं धोरण (२०१६ चा कायदा) आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी (२०१९ चा कायदा) या दोन गोष्टी बहुतेक लहान आस्थापनांत नसतातच. दोन्हींसाठी एकेक पानाचा आदेश काढायचा आहे, या महिन्यात काढून टाका.

पायरी २: समिती, जी खरोखर बसेल

दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. या दहांत कायम, रोजंदारी, ठेकेदाराचे, प्रशिक्षणार्थी, मानधन न घेणारे स्वयंसेवक सगळे मोजायचे. शाखा वेगवेगळ्या गावांत असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी समिती. पुण्याच्या मुख्य कार्यालयातली समिती साताऱ्याच्या शाखेला पुरणार नाही.

अध्यक्ष ही वरच्या पदावरची महिला कर्मचारी असावी लागते. ‘आमच्याकडे अशी बाई नाही’ ही सबब कायद्याने आधीच हेरलेली आहे: तुमच्याच दुसऱ्या कार्यालयातून, तेही जमलं नाही तर दुसऱ्या संस्थेतून अध्यक्ष आणता येते. कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य, महिला प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला एक बाहेरचा सदस्य, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं.

समिती तगते की कोसळते ते बाहेरच्या सदस्यावर. नियमांत त्यांच्यासाठी दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च लिहिलाय. एवढ्यात कुणी येत नाही, तेव्हा रास्त मानधन ठरवून द्या. नेमण्याआधी दोन प्रश्न विचारा. ‘पूर्ण चौकशी कधी चालवली आहे का?’ आणि ‘बाकीच्यांशी मत जुळलं नाही तर वेगळं मत लिहून द्याल का?’ दुसऱ्या प्रश्नावर अडखळणाऱ्याला घेऊ नका. कंपनीचे खटले बघणारे वकील किंवा त्यांच्या ऑफिसातलं कुणी या जागेवर नसावं असं माझं ठाम मत आहे. मालकाकडून फी घेणारा माणूस मालकाच्या भाच्याची चौकशी कशी करतो ते सगळ्यांना दिसत असतं.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी केली की पत्ता मिळतो. घरकाम करणाऱ्या बायकांसाठीही हीच समिती आहे. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्यांची तक्रार समितीने सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. तुमच्या फलकावर अंतर्गत समितीच्या नावांखाली स्थानिक समितीचा पत्ताही लिहा. मालकांना हे जरा झोंबतं, पण पारदर्शकपणाची एवढी स्वस्त खूण दुसरी मिळणार नाही.

पायरी ३: माहिती पोचवा

इंग्रजीतली चौदा पानांची पीडीएफ सगळ्यांना ईमेल केली म्हणजे माहिती पोचली असं होत नाही. पॅकिंग लाइनवर ईमेल नसतो. एक पान पुरतं, मराठीत आणि तुमच्याकडे जे कामगार आहेत त्यांच्या भाषेत. त्यावर समितीच्या सदस्यांची नावं, फोन नंबर, छळाच्या शिक्षा आणि समिती नेमल्याचा आदेश. ते पान हजेरीच्या मशीनजवळ, कँटीनमध्ये आणि महिलांच्या कपडे बदलायच्या खोलीत आतल्या बाजूने लावा. नंबर टिपून घ्यायला बाईला एकांत लागतो. मॅनेजरच्या केबिनसमोर उभं राहून ती फोन काढणार नाही.

प्रशिक्षण शिफ्टच्या वेळातच घ्या, पगार न कापता, ठेकेदाराच्या बायकांना धरून. पाऊण तास पुरे. आणि सुपरवायझरांचं वेगळं घ्या, कारण त्यांचे प्रश्न वेगळे असतात: ‘मग आता हसायचं-बोलायचंच नाही का?’ या प्रश्नाला टाळू नका, उदाहरणं देऊन बोला. ‘आज डबा नाही आणला का?’ यात काही नाही. ‘आज साडीत भारी दिसतेस’ हे चारदा, तिने मान फिरवल्यावरही, यात आहे. कायद्याचा रोख समोरच्याला ते नकोसं होतं का यावर आहे. ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ एवढ्याने सुटका होत नाही. अंगाला हात लागलाच पाहिजे असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच स्पष्ट केलंय. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेले अश्लील विनोद, रात्री अकरानंतरचे ‘झोपलीस का?’, मोबाइलवरचा व्हिडिओ मुद्दाम तिला दिसेल असा धरणं, हे सगळं यात येतं.

कामाची जागा म्हणजे कारखान्याचं गेट नव्हे, हेही याच वेळी सांगा. १९९२ मध्ये राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरी देवींवर सामूहिक बलात्कार झाला तो त्यांनी बालविवाह रोखायचा प्रयत्न केला म्हणून, आणि ते त्यांचं सरकारी कार्यक्रमातलं नेमून दिलेलं काम होतं. त्यातूनच पुढे विशाखा खटला उभा राहिला आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. आज कंपनीची बस, वसुलीसाठी गेलेल्या बाईला उभं राहावं लागतं तो कर्जदाराचा उंबरा, नर्स ज्या घरी ड्रेसिंग करायला जाते ते घर, हे सगळं कामाचं ठिकाण आहे. बाहेरच्या माणसाकडून त्रास झाला तरी मालकाची जबाबदारी संपत नाही. तो दुसऱ्या कंपनीचा ट्रकचालक असेल तर त्याच्या कंपनीला पत्र गेलं पाहिजे, आणि बाईला पोलिसांकडे जायचं असेल तर मदत करणं मालकाला बंधनकारक आहे.

जाता जाता एक. २०१३ चा कायदा तक्रारदार म्हणून फक्त महिलांना धरतो. मुलग्यांचा, पुरुषांचा छळही होतो, विशेषतः नव्याने लागलेल्या अॅप्रेंटिसांचा. तुमच्या सेवानियमांत सर्वांसाठी एक वेगळं कलम घाला; त्याला कायद्याची आडकाठी नाही.

पायरी ४: पहिल्यांदा कुणी सांगितलं तर

तक्रार पहिल्यांदा समितीपुढे जवळजवळ कधीच येत नाही. ती कँटीनमधल्या मावशीला सांगितली जाते, जुन्या ऑपरेटर ताईंना सांगितली जाते, क्वचित दुसऱ्या विभागातल्या एखाद्या भल्या सुपरवायझरला. म्हणून या माणसांनाच आधी तयार करा. त्यांनी चौकशी करायची नाही, बाजू घ्यायची नाही. ऐकायचं, ‘हे मी कँटीनमध्ये कुणाला बोलणार नाही’ एवढं सांगायचं, आणि तिची तयारी असेल तर समितीतल्या कुणाशी गाठ घालून द्यायची.

समितीतल्या बाईने ऐकताना बसायची जागासुद्धा विचार करून ठरवावी. काचेची केबिन नको. शिफ्ट सुटायच्या वेळी नको, बस निघून जाते आणि उद्या अख्ख्या बसमध्ये चर्चा होते. समोर कागद ठेवून लगेच लिहायला लागू नका, आधी तिला पूर्ण बोलू द्या. गोष्ट उलटसुलट येईल, मधलीच घटना आधी येईल. येऊ द्या. ‘तेव्हाच का नाही बोललीस?’, ‘तुझा काही गैरसमज तर नाही ना?’, ‘त्यालाही बायको-मुलं आहेत गं’, ही तीन वाक्यं जिभेवर आली तरी गिळा. पहिल्या वाक्याचं उत्तर पायरी १ मध्ये आहे: ओव्हरटाइम.

मग तिला सांगा की वाटा कोणत्या आहेत. समितीकडे लेखी तक्रार करता येते. पोलिसांकडे जाता येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये लैंगिक छळ हा गुन्हा आहे. दोन्ही एकाच वेळी चालतं. चौकशीआधी समेटही होऊ शकतो, पण तो तिनेच मागितला तर, आणि त्यात पैशाची देवाणघेवाण चालत नाही. समेटाचा विषय समितीने स्वतःहून काढू नये. ‘मी त्याला समज देतो’ म्हणणाऱ्या मॅनेजरला तर आवराच. तोंडी समज दिली की नोंद राहत नाही, त्रास देणाऱ्याला मात्र पत्ता लागतो की हिने तोंड उघडलं. तिला आत्ता तक्रार करायचीच नसेल तर ते मान्य करा, बोलणं झाल्याची बंद पाकिटात नोंद ठेवा, आणि मुदत सांगून ठेवा: शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती लेखी नोंद करून आणखी तीन महिने वाढवू शकते.

तिला लिहिता येत नसेल तर समितीने लिहून द्यायला मदत करायची, हे कायद्यातच आहे. लिहायचं तिच्याच शब्दांत, मग तिला वाचून दाखवायचं, दुरुस्त्या करायच्या, मग सही किंवा अंगठा. ‘सुपरवायझर मला त्रास देतो’ या वाक्यावर पुढे काहीच उभं राहत नाही. ‘१२ जूनला दुसऱ्या शिफ्टमध्ये जेवणाच्या सुट्टीनंतर मी रिकामे क्रेट आणायला स्टोअरमध्ये गेले तेव्हा तो मागून आला, दार लोटलं आणि म्हणाला की रविवारी ड्युटी हवी असेल तर फोन उचलत जा, तेव्हा बाहेर लोडिंग चालू होतं’ या वाक्यात तारीख आहे, जागा आहे, शब्द आहेत, साक्षीदार मिळण्याची शक्यता आहे. तारीख आठवत नसेल तर पगाराच्या आधी की नंतर, गणपतीच्या आधी की नंतर, असं विचारत जा. हजेरीच्या रजिस्टरवरून ती पक्की करता येते. अंदाजाची तारीख असेल तर ‘अंदाजे’ असंच लिहा.

आणि त्याच दिवशी एक काम: सीसीटीव्हीचं चित्रीकरण वेगळं काढून ठेवायला सांगा. लहान आस्थापनांत ते काही दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं. मागणी करताना एकट्या त्या कोपऱ्याचं मागू नका, अख्ख्या शिफ्टचं मागा, म्हणजे सुरक्षा विभागात कुजबूज होणार नाही. मेसेज असतील तर ते फोनमधून काढू नयेत, फोन बदलू नये, हेही तिला समजावा. स्क्रीनशॉट ठेवावेतच, पण मूळ चॅटचं वजन जास्त असतं.

पायरी ५: पहिले दोन-तीन आठवडे

तक्रारीच्या सहा प्रती, कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं समितीकडे आल्यावर सात कामाच्या दिवसांत एक प्रत ज्याच्यावर तक्रार आहे त्याला जाते. त्याने दहा कामाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. प्रत पूर्ण द्या. नुसतं ‘तुमच्याविरुद्ध तक्रार आहे, या’ असं बोलावणं अन्यायाचं आहे, आणि पुढे अपिलात तेच मुळावर येतं.

मधल्या काळात दोघांनी एकाच लाइनवर कसं काम करायचं? तिने लेखी मागितलं तर समिती तिची किंवा त्याची बदली सुचवू शकते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देऊ शकते (ही तिच्या नेहमीच्या रजेतून वजा होत नाही), आणि तिच्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये असा आदेश मागू शकते. नव्वद टक्के मॅनेजरांच्या डोक्यात पहिली येते ती तिची बदली, कारण ती सोपी असते. तिने मागितली नसेल तर ती शिक्षाच ठरते. त्याला हलवताना मात्र फलकावर कारण लावायचं नाही. अजून काहीही सिद्ध झालेलं नाही.

तक्रारदाराचं, त्याचं आणि साक्षीदारांचं नाव, तक्रारीतला मजकूर, चौकशीतलं काहीही बाहेर जाता कामा नये. फोडणाऱ्याला ५००० रुपये दंड आहे. बैठकीची नोटीस टाइप करणारा क्लार्क, फाइल नेणारा शिपाई, चहा आणणारा मुलगा, या तिघांतूनच बातमी फुटते. नोटीस अध्यक्षांनी स्वतः टाइप करावी आणि चहा थर्मासमध्ये आधीच आणून ठेवावा.

पायरी ६: चौकशी, घाई आणि दिरंगाई

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. प्रत्येक बैठकीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हवेत. वकील कुणालाच आणता येत नाही. कुणी सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन तारखांना आलं नाही, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन एकतर्फी निर्णय घेता येतो. समितीला साक्षीदार आणि कागदपत्रं बोलावण्यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, तेव्हा ‘फाइल सापडत नाही’ हे उत्तर स्वीकारू नका.

दिरंगाईबद्दल सगळेच बोलतात. घाईबद्दल गोव्याचं प्रकरण वाचावं. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींच्या तक्रारी होत्या. मे २००९ मध्ये समितीने बैठका एकामागून एक अशा उरकल्या की त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळच मिळाला नाही. त्याला बडतर्फ केलं गेलं, उच्च न्यायालयाने ते कायमही ठेवलं, पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितली. म्हणजे चौदा वर्षांनी, तक्रार करणाऱ्या मुलींच्या दृष्टीने, सगळं परत पहिल्यापासून. समितीच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण आरोपीला वेळ नाकारून तक्रारदाराचं भलं होत नाही, हे या प्रकरणाइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या समित्यांची तपासणी करायला सांगितलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये या कायद्याखालचे जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समित्या नेमण्यासाठी पुन्हा मुदती घालून दिल्या.

तेव्हा पहिल्याच बैठकीत तारखांचा तक्ता करा आणि दोघांना द्या. जबाब वेगवेगळे घ्या. उलटतपासणीचे प्रश्न त्याने लिहून द्यावेत आणि समितीने तिला विचारावेत. समोरासमोर बसवायची गरज नाही. तिचे कपडे, आधीची नाती, नवऱ्याशी पटतं का, असले प्रश्न गाळा, आणि का गाळले त्याची नोंद ठेवा. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहून हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. साक्षीदार गप्प बसणार, हे गृहीत धरा. लाइनवरच्या बाईला तिची रोजी आहे. तिला आधी सांगा की तिचं नाव आणि जबाब फाइलबाहेर जाणार नाही, आणि तिच्या शिफ्टची यादी पुढचे सहा महिने ऑफिस तपासणार आहे.

फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही. सगळं समोर ठेवल्यावर काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, हे बघायचं. बंद दाराआड झालेल्या घटनेला प्रत्यक्षदर्शी नसतोच. पण ती स्टोअरमधून बाहेर आल्यावर रडत होती हे पाहणारं कुणीतरी असतं, आणि त्या रविवारच्या यादीतून तिचं नाव कापलेलं असतं.

पायरी ७: अहवालानंतर

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल मालकाकडे आणि दोन्ही पक्षांकडे जातो. मालकाने साठ दिवसांत अंमल करायचा. अहवालात तथ्यं, त्यावरून काढलेला निष्कर्ष आणि शिफारस हे तीन भाग वेगळे ठेवा. शिक्षा वागणुकीच्या प्रमाणात असावी: लेखी माफी, वेतनवाढ रोखणं, बढती रोखणं, बडतर्फी, आणि त्याच्या पगारातून तिला भरपाई. भरपाई ठरवताना तिला झालेला मानसिक त्रास, हुकलेली संधी, औषधोपचाराचा खर्च आणि त्याची ऐपत बघायची.

काही कंपन्या समितीच्या अहवालानंतर ‘आता खात्यांतर्गत चौकशी करू’ म्हणून सगळं नव्याने सुरू करतात. बाईला तेच पुन्हा सांगावं लागतं. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी पाठवलेल्या पत्रावरून चाललेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानायचा. हा निकाल फाइलला लावून ठेवा.

आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी होती असा अर्थ होत नाही. खोटी तक्रार म्हणून कारवाई करायची तर दुष्ट हेतू स्वतंत्र चौकशी करून सिद्ध करावा लागतो. नुसता पुरावा कमी पडला म्हणून बाईला नोटीस देता येत नाही. असमाधानी पक्षाला नव्वद दिवसांत अपील करता येतं.

बदला घेतला जातो तो सहसा तीन-चार महिन्यांनी, सगळे विसरल्यावर. ‘कामात लक्ष नाही’ असा शेरा, लांबची शिफ्ट, ठेका संपल्याचं कारण. म्हणून तक्रारदार आणि साक्षीदार यांच्या शिफ्ट, ओव्हरटाइम, पगार आणि शेऱ्यांची नोंद तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात अध्यक्षांनी स्वतः तपासावी. पहिल्या पायरीतली रजिस्टरं ठेवलेली असतील तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. नसतील तर तपासायला काहीच नाही.

वर्षअखेर समितीने मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला वार्षिक अहवाल द्यायचा, एकही तक्रार नसली तरी. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ पोर्टलवर समितीची नोंद करून ठेवा. समितीच न नेमल्यास ५०,००० रुपये दंड आहे, दुसऱ्यांदा सापडलात तर दुप्पट, आणि परवाना रद्द होऊ शकतो. समितीची मुदत संपायच्या दोन महिने आधीची तारीख अकाउंट्सच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा. जीएसटीच्या तारखा जिथे लिहिता तिथेच.